साऱ्या गावाचे एकच ‘हे’

ईशान आणि रेवा, दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला नोकरीतले अनुभव लिहायला सांगितले आहेत, आणि मी ते तुम्हा दोघांना उद्देशून लिहिते आहे. मी मोबाइलवर पाठवलेल्या प्रत्येक मजकुराला तुम्ही तिकडून नुसता अंगठा दाखवता. मराठीत अंगठा दाखवणं म्हणजे काय, ते आईला विचारा. छापलेल्या पानावर तशी सोय नाही, एवढाच माझा फायदा. बाकीच्या वाचकांनी आमच्या घरगुती गोष्टी ऐकतो आहोत असं समजावं. ते आपल्याकडे सगळ्यांना छान जमतं.

तुमच्या मित्रांना तुम्ही सांगता की आमची आजी गेम बनवायची. आजी गेम बनवत नव्हती. एकतीस वर्षं मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्यावर मी एका गेम कंपनीत गावगप्पांची कारकून होते. पदाचं छापील नाव बरंच मोठं आणि इंग्रजीत होतं. काम मात्र हेच.

नोकरी लागली ती भांडणातून. गारखेड्यात आमच्या इमारतीच्या खालच्या मजल्यावर निखिल नावाच्या मुलानं कंपनी काढली. आधी तो वाळूजच्या कारखान्यात इंजिनियर होता. तिथला जम बसलेला पगार सोडून तो गेम बनवायला लागला, म्हणजे शहाणा होता असं माझं म्हणणं नाही. त्यानं लिफ्टमध्ये कंपनीची जाहिरात चिकटवली. पाच ओळींत अकरा चुका. मी लाल पेननं दुरुस्त केल्या, खाली दहापैकी दोन गुण लिहिले. संध्याकाळी तो कागद हातात घेऊन दारात उभा. भांडायला आला होता, चहा पिऊन मला नोकरी देऊन गेला.

आता धंदा समजून घ्या. गेममध्ये खेळणारा सोडून जी माणसं असतात, दुकानदार, शेतकरी, पाणी भरणाऱ्या बायका, ती पूर्वी एकाच जागी उभी राहून येणाऱ्या प्रत्येकाला एकच वाक्य ऐकवायची. सरकारी कचेरीतल्या चौकशीच्या खिडकीसारखी. निखिलला वेरूळच्या बाजूचं एक गाव उभं करायचं होतं, आणि त्या गावातल्या माणसांनी एकमेकांकडून शिकावं असं त्याचं स्वप्न होतं. यंत्रात प्रत्येक माणसाची एक वही. मला काय माहीत आहे, ते कुणी सांगितलं, त्यावर माझा किती भरवसा. आणि बोलचाल असलेल्या कोणत्याही दोन माणसांमध्ये एक धागा. जाऊबाई, गिऱ्हाईक, शेजारी, वैरी. बातमी त्या धाग्यावरून जाते. तुम्ही गावाच्या एका टोकाला कोंबडी चोरलीत, तर दुसऱ्या टोकाचा कुंभार दुसऱ्या दिवशी तुम्हाला मडकं विकणार नाही. कुणी कुणाला काय सांगायचं आणि कोणत्या शब्दांत, ते ठरवणं माझ्याकडे. मी शहाऐंशी माणसांचं एक आखीव रजिस्टर केलं. पोरं रजिस्टरला हसली. महिनाभरात सगळी त्याच्याभोवती मुंग्यांसारखी.

हे सगळं यंत्राच्या भाषेत बसवायची ती शबाना. शहरातल्या जुन्या भागात तिच्या वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. नववीत ती माझ्या वर्गात होती आणि अजूनही मला ‘टीचर’च म्हणायची. निखिल मला एरवी ‘काकू’ म्हणे आणि बाहेरचं कुणी आलं की ‘मॅडम’.

पहिली चकमक झाली ती ‘कुणाला सांगू नका’ या वाक्यावरून. हे वाक्य लागलं की बातमी तिथंच थांबेल, असा नियम निखिलनं करवून घेतला होता. मी म्हटलं, “उलट आहे. हे वाक्य लागलं की बातमी दुप्पट वेगानं जायला हवी.”

“काकू, लॉजिकली ते चूक आहे.”

“तुमच्या लग्नाचं जालन्याला बोलणं चालू आहे ना?”

त्याचा चहा कपातच राहिला. “तुम्हाला कुणी सांगितलं?”

“तुमच्या आईनं मावशीला सांगितलं, कुणाला सांगू नकोस म्हणून. मावशी आमच्या भजनी मंडळात आहेत. त्यांनी आम्हा तेवीस जणींना सांगितलं. कुणाला सांगू नका म्हणून.”

शबानानं त्याच दुपारी नियम बदलला. वरून एक भर घातली: असं ऐकलेलं सांगताना माणूस ‘कुणी सांगितलं ते विसरले’ असं म्हणेल. मुलगी हुशारच होती.

दुसरं प्रकरण शेळीचं. गावात दोन जावांचा अबोला होता, म्हणजे त्यांच्यात धागा नाही, म्हणजे विहीर आटल्याची बातमी अर्ध्या गावाला कळेचना. आमच्या ऑफिसात झाडलोट आणि चहा बघणाऱ्या चंद्रकलाबाई होत्या, माहेर धनगरवाड्यातलं. त्यांनी पडद्यावर पाहिलं आणि पदर तोंडाला लावून हसल्या.

“आवो बाई, अबोला हाय म्हून कुनी गप बसतं व्हय? आमी शेरडाला सांगतो. ‘ऐकलंस का गं, हीर आटली, पन लोकाला काय त्याचं!’ असं मोठ्यानं. पल्याडची बरुबर ऐकती.”

ही अभ्यासातली गोष्ट नव्हती, पण खरी होती. शबानानं शेळीला धागे जोडले. तीन दिवसांनी लक्षात आलं की यंत्रात शेळीचीही वही चालू झाली आहे. दोन्ही जावा, त्यांची सासू आणि खालची आळी, सगळ्यांचं सगळं तिला ठाऊक. गावात सर्वांत जाणकार व्यक्ती शेळी निघाली. निखिल हादरला, पण मला त्यात वावगं वाटलं नाही. आयुष्यात मी याहून कमी माहितीची मुख्याध्यापिका पाहिली आहे.

इथपर्यंतचं मी लग्नकार्यात हसत हसत सांगते. पुढचं सांगत नाही.

गावातल्या चौदा म्हाताऱ्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. ईशान, रेवा, तुमची आई तुमच्या बाबांना नावानं हाक मारते, कधीकधी त्याहून वाईट. आमच्या पिढीत नवरा म्हणजे ‘हे’. ‘हे आलेत का?’ ‘ह्यांना विचारते.’ ऐकणारीला कळतं, कारण बोलणारी कोण आहे ते तिला दिसत असतं. माझ्या रजिस्टरमध्ये प्रत्येक बाईपुढे ‘नवऱ्याचं नाव’ असा रकाना होता. मला प्रश्न पडला. जे नाव ती कधी तोंडातून काढणार नाही, ते तिच्या पानावर कसं लिहावं? खरेपणाला धक्का लागतो. आणि रकाना रिकामा ठेवणं तर माझ्या स्वभावातच नाही. मी चौदा बायकांच्या पुढे, सुवाच्य अक्षरात, चौदा वेळा लिहिलं: हे.

शबानानं माझ्याच पानाच्या झेरॉक्स प्रतीवर पेन्सिलीनं टीप लिहून पाठवली. ‘टीचर, यंत्र ‘हे’ला एकच माणूस समजेल. नवऱ्याचं खरं नाव एका रकान्यात आणि बायको काय म्हणते ते दुसऱ्या रकान्यात, असं करू का? राबियाबीचं मी तसं केलं आहे.’ राबियाबी म्हणजे गावातल्या पिठाच्या गिरणीवाल्याची बायको. ती नवऱ्याला ‘मुन्नी के अब्बा’ म्हणते. तिचं पान शबानानंच लिहिलं होतं.

मी त्या कागदावर लाल शाईनं, इंग्रजीत, उत्तर लिहिलं. कृपया माझ्या रजिस्टरमध्ये रकाने वाढवू नयेत. सर्वनाम म्हणजे काय, हे तुला पाचवीपासून शिकवलेलं आहे. खाली सही केली. तारीखसुद्धा घातली.

शबानानं पुन्हा विचारलं नाही. पाहुण्या यायला चार दिवस होते, आणि टीचरनं एकदा लाल शाई वापरली की विषय संपतो, हे तिला नववीपासून माहीत होतं.

पाहुण्या म्हणजे बंगळूरच्या एका कंपनीच्या अधिकारी बाई. त्यांना गेम आवडला तर त्या तो जगभर विकणार होत्या, नाही आवडला तर आम्ही नऊ जण घरी. त्यांना मराठी येत नव्हतं, म्हणून पडद्याखाली इंग्रजी ओळी होत्या, त्याही माझ्याच.

गेमच्या कथेप्रमाणे त्या सकाळी मारुती कुंभार वारतो. त्याची बायको हिराबाई विहिरीवर काशीबाईला सांगते, “हे गेले गं.” खाली इंग्रजीत ‘ही इज गॉन’. पाहुण्यांनी मान हलवली. वातावरण छान जमलं होतं.

मग काशीबाईनं हंबरडा फोडला. यंत्राच्या वहीत काशीबाईच्या नवऱ्याचं नावही ‘हे’, आणि ‘हे’ गेल्याचं तिला नुकतंच कळलं होतं. काशीबाईनं पाटलीणबाईंना सांगितलं, “हे गेले.” पाटलीणबाई विधवा झाल्या. त्यांनी पुढे सांगितलं. धागे इतके उत्तम विणलेले होते की पाच मिनिटांत चौदाच्या चौदा बायका कपाळ पुसून ओसरीवर. प्रत्येकीला कळल्याबरोबर रडायचं, मयत झालं की बाजार बंद ठेवायचा, शेजारच्या पुरुषांनी सांत्वनाला जायचं, हे सगळे नियम मीच बारकाईनं लिहिले होते. आणि बायकांचं लग्न ‘हे’शी लागलेलं असल्यामुळे गावातले खरे नवरे यंत्राच्या लेखी अविवाहित शेजारी होते. पाटील टोपी काढून स्वतःच्याच घरात गेले आणि स्वतःच्या बायकोला म्हणाले, “वहिनी, धीर धरा. फार भला माणूस होता.”

पडद्याखाली सगळीकडे ही इज गॉन, ही इज गॉन.

पाहुण्यांनी हळूच विचारलं, “हू इज ही?”

निखिल लाल झाला. “शबाना, हे काय आहे?”

“सर,” शबाना म्हणाली, “‘हे’च आहे.”

मागे चंद्रकलाबाई चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. “आगं माय,” त्या पुटपुटल्या, “सम्दं गाव एकाच नवऱ्याचं!”

साऱ्या गावात सौभाग्यवती एकच उरली, राबियाबी. ती घरोघर जाऊन सगळ्यांचं सांत्वन करत होती. पडद्यावर तिला एकटीला हिरव्या बांगड्यांत फिरताना पाहिलं आणि मला चूक कुणाची ते कळलं. चुटकीसरशी कळलं. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधल्यावर नजर तयार होतेच.

पाहुण्या सभ्य होत्या. सहा आठवड्यांनी पुन्हा बघू म्हणाल्या. त्यांची गाडी वळताच निखिलनं सगळ्यांसमोर शबानाला सांगितलं की उद्यापासून येऊ नकोस. “इतकी साधी गोष्ट! काकूंनी इतकं नीट रजिस्टर करून दिलं होतं!”

शबानानं माझ्याकडे पाहिलं. मी रजिस्टरची पानं सरळ करत होते. ती बॅग उचलून गेली.

मी गप्प बसले. मुलांनो, ही गोष्ट मी वकिलासारखी मांडू शकते: धक्का बसला होता, वय झालं होतं, निखिल रागात होता. त्यातलं काही खरं नाही. माझं रजिस्टर नीट आहे असं कुणीतरी सगळ्यांसमोर म्हणालं होतं, आणि मला ते ऐकायला आवडलं होतं.

अकरा दिवस मी ऑफिसात जाऊन स्वल्पविराम तपासले. निखिलनं पुण्याहून एक प्रोग्रामर आणला. धाग्यांची ती गुंतागुंत बघून तो दोन दिवस नुसता डोकं खाजवत होता. मग त्यानं बायकांच्या तोंडी सरळ नावं घातली. हिराबाई विहिरीवर येऊन म्हणाली, “माझे पती मारुती कुंभार यांचं निधन झालं आहे.” पोलीस पंचनाम्यातच अशी वाक्यं असतात.

चंद्रकलाबाईंनी ते ऐकलं. “ह्या बाईनंच मारलं जनू नवऱ्याला,” त्या म्हणाल्या. मग माझ्या टेबलावर कप ठेवताना सहज बोलल्यासारखं केलं, “शबानाच्या टायमाला बायका रडायच्या तरी खऱ्या. लई जनी रडल्या, पन खऱ्या रडल्या. पोरीचं चुकलं काय वो नेमकं?”

मी म्हटलं, “काही नाही.”

“मंग तिला काढली कशाला?”

चहा तसाच ठेवून मी बाहेर पडले आणि रिक्षा केली.

शबाना वडिलांच्या दुकानात होती, डोळ्याला भिंग लावून. वडिलांनी स्टूल पुसून दिलं, “आइए टीचर,” म्हणाले, आणि चहा सांगायला बाहेर गेले. माणसं इतकी आदबशीर वागली की काम फार अवघड होतं.

“चूक माझी होती,” मी म्हटलं.

“मालूम है, टीचर.” तिनं भिंग काढलं. “तुमचा कागद आहे माझ्याकडं.”

“लाल शाईचा?”

“तारीख पण आहे त्यावर.”

“मग तेव्हाच का नाही दाखवलास निखिलला?”

ती हसली. वर्गात मी कडक प्रश्न विचारला की हसायची तशीच. “तुम्हाला काढलं असतं त्यांनी. मला कुठं पण नोकरी मिळते. पुण्याहून एक फोन येऊन गेला. तुमको कौन देगा, टीचर?”

तिचं गणित बरोबर होतं. माझ्या एकतीस वर्षांच्या नोकरीत कुणी माझी इतकी काळजी घेतली नव्हती, आणि इतका नेमका अपमानही केला नव्हता. दोन्ही एकाच वाक्यात.

“कागद दे,” मी म्हटलं.

“फाडून टाकते ना.”

“अक्षर माझं आहे. दे.”

तिनं ड्रॉवरमधून काढून दिला. प्लास्टिकच्या पाकिटात नीट ठेवला होता. हेही माझ्याकडूनच शिकली असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे आल्यावर मी उभी राहिले आणि सांगितलं की चौदा नवऱ्यांची चूक माझी आहे. निखिलचा विश्वास बसेना. “काकू, तुमचं मन मोठं आहे. विद्यार्थिनीसाठी तुम्ही स्वतःवर घेताय. पण तुमच्याकडून असं होणं शक्यच नाही.”

म्हणजे बघा. खोटं त्यानं एका मिनिटात मानलं होतं, कारण ते शबानाबद्दल होतं. खरं मानायला तयार नव्हता, कारण ते माझ्याबद्दल होतं. बातमीवर भरवसा किती ठेवायचा, हे ती कुणाविषयी आहे त्यावर ठरतं, असा नियम आम्ही गेममध्ये घातला नव्हता. घालायला हवा होता.

मी कागद त्याच्यासमोर ठेवला. त्यानं आधी पेन्सिलीची टीप वाचली, मग लाल उत्तर वाचलं. दोनदा.

“तिनं विचारलं होतं,” तो म्हणाला.

“हो.”

“आणि राबियाबी म्हणूनच...”

“हो.”

“मग आता काय करायचं, काकू?”

“तिला फोन लावा. आणि मला इथं काकू म्हणू नका. चूक केलेल्या नोकराला म्हणतात तसं म्हणा.”

काय म्हणायचं ते त्याला सुचलं नाही, म्हणून त्यानं फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा टेबलावर ठेवला. माफी मागायची त्याला सवय नव्हती, दोनदा अडखळला. पण मागितली, आणि सगळ्यांसमोरच मागितली.

शबानाच्या मागे दुकानातली घड्याळं ऐकू येत होती.

“येते,” ती म्हणाली. “पण दोन गोष्टी. पुण्याच्या त्या दादाला काढू नका, त्याला कुणी नीट सांगितलंच नव्हतं. आणि टीचरचं प्रत्येक पान आधी माझ्याकडं येणार. मी सही केल्याशिवाय यंत्रात जाणार नाही.”

निखिलनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

“चालेल,” तो म्हणाला.

“टीचर तिथंच आहेत ना, सर?”

“आहेत. ऐकतायत.”

“त्यांना बसायला सांगा,” शबाना म्हणाली. “उभ्या असतील.”

मी उभीच होते. चंद्रकलाबाईंनी खुर्ची सरकवली, आणि मी बसले.